चेहरा नसलेला पेशंट

आमची मावशी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर पुकारते. मी तिथेच पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालते, त्यामुळे हे सगळं माझ्यासमोर घडलंय, ऐकीव काही नाही.

मावशीचा आवाज खणखणीत, पण ऐकणार कोण? बाकांवरची समस्त मंडळी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेली. डोळे दुखतात म्हणून आलेली माणसं, बरं का! भिंतीवरच्या टीव्हीवर नंबर लागायचा, मावशी घसा फोडायची आणि अर्ध्या तासाने कुणीतरी तणतणत यायचं, "आमचा नंबर खाल्लात तुम्ही." शेवटी डॉक्टर वैतागले. "महिनाभर बघतो, नाहीतर बोलणारं मशीन बसवू." मशीन आलं की मावशी घरी, हे काय सांगायला हवं? एकवीस वर्षं त्या खुर्चीत काढलेली बाई. त्या दिवशी तिने डबा उघडलासुद्धा नाही.

पण गप्प बसेल तर ती मावशी कसली. दुसऱ्या दिवसापासून ती टीव्हीवर नंबर लावायच्या कॉम्प्युटरवरच माउसने चित्रं काढायला लागली. रेषा वाकड्यातिकड्या, खोडी मात्र अस्सल. बाप मोबाइलला घास भरवतोय आणि पोरगं शेजारी रिकामं ताट घेऊन बसलंय. बागेतल्या बाकावर नवराबायको पाठीला पाठ लावून, आणि त्यांचे मोबाइल गळ्यात गळा घालून. प्रत्येक नंबरासोबत टीव्हीवर नवं चित्र. आधी एक आजोबा खुदकन हसले, मग शेजारणीने मान वर केली आणि आठवड्याभरात सगळा हॉल वर बघायला लागला. एकही नंबर चुकेना. उलट तपासून झालेले पेशंटही घरी जायचं नाव घेईनात.

मग बाईसाहेबांना चेव आला. एका सकाळी तिने खुद्द डॉक्टरांनाच काढलं. डॉक्टर बॅटरी मारून मोबाइलचा डोळा तपासताहेत, आणि समोरच्या खुर्चीतल्या पेशंटला चेहराच नाही. हॉल इतका हसला की डॉक्टर मोबाइल घेऊन तसेच बाहेर आले. माझी पाचावर धारण बसली.

"हे कोणी काढलं?"

"मी," टेबल घट्ट धरून मावशी उभी राहिली.

"पेशंटला चेहरा का नाही?"

"तपासताना तुमचं लक्ष मोबाइलमध्ये असतं, साहेब. तुम्ही त्याच्याकडे बघतच नाही, मग मी कुठून काढू?"

हे मला कितीतरी वर्षं बोलायचं होतं, पण छाती झाली नव्हती. डॉक्टरांचे कान लाल झाले. ते पुन्हा चित्राकडे वळले आणि मग, देवाशपथ, पोट धरून हसले. मोबाइल त्यांनी मावशीच्या टेबलावर ठेवला.

"मशीनवाल्याला नको म्हणून कळवा. आणि त्या पेशंटला चेहरा काढा."

"कोणाचा काढू?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच हॉलभर नजर फिरवली. मागच्या बाकावरच्या एका आजींनी हळूच हात वर केला.

"माझा काढा. बारा वर्षं येतेय मी."

डॉक्टर त्यांच्यापाशी गेले, हाताला धरलं आणि नंबर न विचारता त्यांना आत घेऊन गेले. कुणीही कुरकुर केली नाही. मावशी डोळे पुसत, हसत आजींचं नाक काढायला बसली.