सारिकाचा डावा हात

आमच्या कळस गावातून निघालो त्या सकाळी माझ्या हातावर दही ठेवायला आईने सारिकाला पुढं केलं. सारिका माझी धाकटी बहीण, तेव्हा एकोणीस वर्षांची. तिनं वाटी उजव्या हातात धरली आणि चमचा डाव्या. मी म्हणालो, "सारे, उजव्या हातानं दे." सगळे हसले. तिनं हात बदलला, त्या गडबडीत थोडं दही माझ्या नव्या बुटावर सांडलं. मी "येतो" म्हणून जीपमध्ये बसलो. मिलानला निघालेल्या शहाण्या भावाचा बहिणीला दिलेला निरोप हा असा.

तोवर मी बारामतीच्या एमआयडीसीत ओतकामाचे लाकडी साचे करायचो. तिथं मशीन बसवायला आलेल्या एका इटालियनानं माझ्या हाताचं काम पाहिलं आणि त्याच्या ओळखीनं ही नोकरी लागली. आता नऊ वर्षं झाली. मिलानजवळच्या एका बॉट्टेगात, म्हणजे कसबी लोकांच्या वर्कशॉपात, मी विंचीकराच्या यंत्रांच्या लाकडी प्रतिकृती करतो. आपल्याकडं माणसाला गावावरनं ओळखतात, तसं त्यालाही पाचशे वर्षं झाली तरी विंची गावावरनंच ओळखतात. मंद हसणाऱ्या बाईचं चित्र काढणारा तोच हा.

चित्रं त्यानं मोजकीच काढली, त्यातलीही कितीतरी अर्धवट सोडली. पण वह्या हजारो पानांच्या. पक्ष्याचा पंख, पाण्याचा भोवरा, माणसाच्या हाताच्या शिरा, तोफा, पूल, उडायचं यंत्र. मिलानच्या सरदारासाठी त्यानं मातीचा अवाढव्य घोडा घडवला. ओतायला जमवलेला धातू तोफांकडं गेला आणि घोडा मातीचाच राहिला. साचेवाला असल्यामुळं मला त्याची ही गोष्ट फार लागते. शिवाय तोही गाव सोडून आलेलाच. पोरवयात फ्लोरेन्सला उस्तादाकडं शिकायला गेला, मग इथं, आणि मेला तो फ्रान्समध्ये.

शनिवारी शाळांच्या सहली येतात. माझं इटालियन आता बरं आहे, त्यामुळं माहिती सांगायचं काम माझ्याकडं असतं. मी त्याच्या वहीच्या पानाच्या नकलेसमोर आरसा धरतो. उलटी अक्षरं सुलटी दिसतात आणि मुलं तोंडाचा आ करतात. मग मी सांगतो, हा माणूस डावखुरा होता, उजवीकडून डावीकडं लिहायचा, म्हणजे शाई हातानं पुसली जात नसे. आमचे म्हातारे मायेस्त्रो, म्हणजे वर्कशॉपाचे उस्ताद, त्यात भर घालतात. त्याच्या आईबापाचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून त्याला धड शाळेत घातलं नाही, आणि म्हणूनच त्याचा हात वळवायला कुणी बसलं नाही, असं त्यांचं मत. मुलं हसतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आरसा खाली ठेवावा लागला.

कारण आमच्या सारिकाचा हात वळवायला माणूस बसला होता. तो मी.

ती सहा-सात वर्षांची असताना कोळसा, गेरू, काय मिळेल ते डाव्या हातात धरून मेंढरं काढायची. आबांकडं, आमच्या आजोबांकडं, तेव्हा कळपातली शेवटची वीस-पंचवीस मेंढरं उरली होती. सारिका ती भिंतीवर काढायची आणि आबा लांबून बघून सांगायचे, "ही भुरी. ही लंगडी. आन् हिचं दिस भरल्यात." नुसत्या चार रेघांत गाभण मेंढीचे दिवस भरलेले दिसायचे. आमच्या घरात कोण जन्माला आलं होतं हे कळण्याइतकी अक्कल मला नव्हती.

शाळेत ती क, र, म सगळं उलटं लिहायची. गुरुजींनी छड्या मारल्या. आई मला म्हणाली, "तू शिकलेला हायस, पोरीचा हात सरळ कर. उद्या सासरी डाव्या हातानं वाढाय लागली तर लोकं आमालाच नावं ठेवतील." मी मनावर घेतलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी तिचा डावा हात चिंधीनं पाठीशी बांधायचो आणि उजव्या हातात पेन्सिल द्यायचो. अक्षर उलटं आलं की पट्टी. पहिले आठ दिवस ती रडली, मग रडायची थांबली. जूनमध्ये ती उजव्या हातानं वळणदार लिहायला शिकून शाळेत गेली. गावात माझं कौतुक झालं. मेंढरं काढायची तिनं सोडली. आबांनी एकदाच विचारलं, "पोर भितीवर काय काढंना झाली?" मी म्हणालो, अभ्यासाला लागलीय. हा पराक्रम मी मित्रांना कितीतरी वर्षं सांगत होतो. आज लिहितानाही लाज वाटते.

गेल्या भाऊबीजेला कऱ्हाटीला तिच्या सासरी गेलो. तिची आरू चार वर्षांची आहे. मी विंचीकराच्या चित्रांचं मोठं पुस्तक नेलं होतं. आरू ते पुढ्यात घेऊन बसली आणि डाव्या हातानं लाडू खाऊ लागली. सारिकाच्या सासूबाई म्हणाल्या, "हिचा हात बांधाय पायजे आता." सारिका माझ्याकडं न बघता म्हणाली, "मामाला इचारा की. त्याला येतंय बांधाय." सगळे हसले. ती हसली नाही.

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. इटलीतल्या परक्या पोरांना दर शनिवारी सांगतो, तेच सांगायचं होतं. पण बहिणीच्या सासरी भावानं तोंड घालू नये, ताटात पडेल ते खावं आणि ओवाळणी घालून उठावं, अशी आपली रीत. मी रीत पाळली. खरं सांगायचं तर रीत आयती मिळाली, मी भित्रा होतो.

मिलानला परतल्यावर सारिकाला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "दादा, मला माफी नगं. आत्याबाईंना सांग. माझं हितं कोण ऐकतंय? तू फारीनचा, तुझं ऐकतील." हो म्हणालो आणि तीन आठवडे फोन केला नाही. कधी वर्कशॉपात काम होतं, कधी तिकडं जेवणाची वेळ. सबबी काय, इथं बसून पुष्कळ सापडतात.

काल सारिकाच्या सासूबाईंना केला. "मावशी, आरूचा हात बांधू नका. सारिकाचा मी बांधला होता, ते चुकलं माझं."

"आवो पाव्हणं," त्या म्हणाल्या, "मग तवाच बोलायचं न्हाय का? तुमी काय बोलला न्हाय, मला वाटलं तुमाला पटलं. पंधरा दिस झालं बांधतोय की आमी."

मग त्याच म्हणाल्या, "आता तुमी म्हंताय तर सोडते."

नऊ वर्षं मी लोकांना सांगत आलो की घर मागं राहिलं, आता आपण इथलेच. इथं शनिवारी तास तास बोलतो, त्यानं कुणाचं काही बदलत नाही. कऱ्हाटीत मी नुसता गप्प बसलो आणि एका पोरीचा हात पंधरा दिवस बांधलेला राहिला. माझं घर अजून तिथंच आहे.