तिच्या हातापुरती मूठ

माझ्या नणंदेला घरात सगळे खांब म्हणतात. नाव तिच्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं ठेवलं. लहानपणी हा तिच्यासमोर माकडचेष्टा करायचा आणि ती पापणीसुद्धा हलवायची नाही. खेळ संपला की मात्र दुसऱ्या खोलीत जाऊन पोट धरून हसायची, आणि ते ऐकायला हा दाराला कान लावून बसायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा ती स्वयंपाकघरात पाण्यानं भरलेली बाटली एका हातात आडवी धरून भिंतीसमोर उभी होती. मी विचारलं, "अगं, कुणाला पाजतेयस?" ती म्हणाली, "थांब वहिनी, आधी श्वास सोडू दे." आमची नणंद-भावजयीची पहिली ओळख ही अशी.

दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घ्यायची आणि संध्याकाळी नेमबाजीच्या रेंजवर जायची. हवेवर चालणारं पिस्तूल, दहा मीटरवर लक्ष्य, त्याच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढं वर्तुळ. एकदा तिनं ते माझ्या हातात दिलं. लक्ष्य राहिलं बाजूला, मला माझाच हात थरथरताना दिसला. त्यानंतर या विषयावर मी तोंड बंद ठेवलं, आणि ते मला सहसा जमत नाही.

त्या पिस्तुलाची मूठ लाकडी असते. दुकानातून येते तेव्हा ती कुणाच्याच हाताची नसते. पोकळी राहील तिथं लाकडाची लांबी भरायची, तीच, जी सुतार भेगा बुजवायला वापरतात. ती वाळली की कानशीनं घासायची, धरून बघायचं, पुन्हा घासायची. असं करत करत मूठ एकाच माणसाच्या हातापुरती होते. खांबनं त्यात कित्येक महिने घातले. भाऊ तिला रोज आपल्या मालाच्या व्हॅनमधून सोडायचा आणि रेंजच्या पायरीवर बसून मुठीला पॉलिशपेपर मारून द्यायचा. बहीण म्हणजे त्याचा जीव, असं मी चारचौघांत सांगायचे.

यंदा देशाच्या संघाची निवड चाचणी होती. त्यासाठीच तर ती इतकी वर्षं भिंतीसमोर उभी राहिली होती. नेमका त्याआधी तिला टायफॉइड झाला. रेंजवरच्या कपाटाची किल्ली तिनं भावाकडे दिली आणि अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हिंडाफिरायची परवानगी दिली ती चाचणीच्या तोंडावर.

चाचणीच्या दिवशी मीही सोबत गेले. तिनं पिस्तूल काढलं, डोळे मिटले, हात उचलला आणि डोळे उघडले. हात आपोआप कुठं जातो ते असं बघतात. पिस्तूल लक्ष्याच्या डावीकडे बघत होतं. तिनं पुन्हा केलं. पुन्हा डावीकडे.

"सर, मूठ बदललीये," ती प्रशिक्षकांना म्हणाली.

"तापातून उठलीयेस. हात सुकलाय, दुसरं काही नाही," सर म्हणाले आणि निघून गेले.

दिसायला मूठ होती तशीच होती. पण मी कपडे शिवते. उसवून पुन्हा मारलेली शिलाई मला कळते. अंगठ्याखालच्या जागेवरून मी बोट फिरवलं तर बोटाला पांढरी भुकटी लागली. लांबी ताजी होती.

खांबनं पिस्तूल माझ्या हातातून घेतलं. जाऊन उभी राहिली. छर्रे डावीकडे जाऊ लागले, तिनं हात सावरला की उजवीकडे. थोडक्यात गेली तिची जागा. सरांच्या नव्या शिष्येची निवड झाली.

ती पोर बिचारी हसत आली. "ताई, माझं पिस्तूल दुरुस्तीला गेलेलं. तुमचं नसतं तर सरावच बुडाला असता. दादांनी लगेच किल्ली दिली. माझा पंजा मोठा ना, म्हणून मूठ जरा घासली. नंतर होती तशी करून ठेवली हं." मग आमचे चेहरे बघून म्हणाली, "तुम्हाला विचारलं होतं ना त्यांनी?"

व्हॅनमध्ये पुढच्या बाकावर आम्ही तिघं चिकटून बसलो होतो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा खांबनं विचारलं, "दादा, मूठ कुणी घासली?"

"कानस सरांनी मारली." त्यानं हँडब्रेक ओढला. "पॉलिशपेपर मी."

"का?"

"सर म्हणाले, यंदा तू काही उभी राहत नाहीस. पिस्तूल नुसतं पडून राहणार."

"आणि तुला काय वाटलं?"

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला.

सरांचं मी एकवेळ समजू शकते. त्यांना पदक हवं, हात कुणाचा का असेना. पण कुंपणानंच शेत खाल्लं तर काय करायचं? नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, त्याचीही मला लाज वाटली. मी सरकायला बघितलं, पण जागा नव्हती.

पुढच्या आठवड्यात खांबनं नवी मूठ आणली आणि जेवणाच्या टेबलावर घासायला घेतली. हा सवयीनं स्टूल ओढून बसला आणि पॉलिशपेपरकडे हात नेला. तिनं तो कागद सावकाश आपल्या बाजूला ओढून घेतला. तुसडेपणा नाही, काही नाही. मग या बाबानं काय करावं? तिच्यासमोर तोंड वेडंवाकडं करायला लागला. गाल फुगवले, कान ओढले. चाळिशीला आलेला माणूस. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पापणी हलली नाही. मग सगळं गुंडाळून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

तो दाराकडे कान देऊन बसला. त्याला नीट ऐकू यावं म्हणून मी शिवणयंत्र थांबवलं. आतून काहीच आवाज आला नाही.