आमरसाचं आवतन

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं जळावं, पण भर मे महिन्यात गोधडी पांघरायची वेळ यावी इतकं? माझ्यावर आली!

दहावीची सुट्टी होती. आमच्या येडशी गावात मी आणि शेजारची सायली एका ताटात जेवणाऱ्या. अकरावीला ती लातूरला जाणार, म्हणून उरलेली सगळी सुट्टी तिच्यासोबत घालवायची असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात स्टेशनवर बदलून आलेल्या मास्तरांची तन्वी मध्येच टपकली! गोरी, टापटीप, आणि मोबाइलमध्ये कार्टूनचे पिक्चर.

त्यातला एक तिनं आम्हाला दाखवला. दोन मैत्रिणी, उन्हाळ्याची सुट्टी. तिसरी येते आणि दुसरी पहिलीला विसरते. सायली रडली, तन्वी रडली. मी फक्त तन्वीकडं बघत होते. कार्टून कसलं, माझीच कहाणी होती ती!

नंतर तन्वी म्हणते, "उद्या सायलीकडे आमरस आहे ना? ती परवा जाणार म्हणून. तिच्या आई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या."

मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं!

दुसऱ्या दिवशी आंब्याचा वास आमच्या अंगणात घुमत होता. मी घरात फुगून बसलेली. दुपारी भिंतीपलीकडून सायली ओरडली, "पुजे, ये की लवकर!"

बघा! तन्वीला घरी जाऊन आवतन आणि मला भिंतीवरून हाक?

"पोट दुखतंय!" मी ओरडले.

नेमकं आईनं ऐकलं. ओव्याचं पाणी आलं, वर गोधडी आली. उकाड्यानं माझा पापड व्हायचा बाकी होता. मग सायली रसाचा डबा घेऊन आली.

"न्हाय गं बाई," आई म्हणाली, "पोटदुखीत आंबा कसा द्यायचा?"

तो डबा बाबांनी माझ्या डोळ्यांदेखत संपवला.

शेवटी काकूच, म्हणजे सायलीची आई, आल्या. "लईच दुखायलंय का? दवाखान्यात न्यायचं का पोरीला?"

माझा बांध फुटला. "तन्वीला घरी जाऊन आवतन देता, आणि मला काय?"

काकूंनी डोक्याला हात लावला. "अगं येडे, ती परकी म्हणून दिलं! घरच्या लेकराला आवतन देतेत का कुठं? रस काढायला सकाळधरनं तुझी वाट बघायलोय आमी!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सायली गेली. तिच्या शेवटच्या दिवशी मी गोधडीत होते, याचं आजही वाईट वाटतं.

काकूंनी मात्र माझं बोलणं फारच मनावर घेतलं. आता दर उन्हाळ्यात सायली सुट्टीला आली की त्या कुंकवाचा करंडा घेऊन आमच्या दारात येतात आणि मला रीतसर आवतन देतात. मी जाते. मला बाहेर पाटावर बसवतात, आग्रह करकरून वाढतात. मदतीला उठले की म्हणतात, "बसा, बसा! पावण्यानं कामाला हात लावायचा नसतो."

आत सायली आणि तन्वी कोपरापर्यंत रसानं माखून खिदळत असतात.

तन्वीला आता आवतन लागत नाही.