बुधवारचं प्रस्थान

धाराशिवला जायचं ठरलं त्या दिवशी मी दोनशे पानी वही विकत आणली. खरं म्हणजे चार पानांत मावेल एवढंच नियोजन होतं, पण मला पहिल्यापासून वह्यांची हौस. अंबडहून निघायचं, शहागडला गोदावरीचा पूल ओलांडायचा, मग गेवराई, बीड आणि तिथून सरळ खाली धाराशिव. मी रस्त्याचा नकाशा काढला. चहाची ठिकाणं लाल पेनानं, लघवीची निळ्या पेनानं. जीपमध्ये कोण कुठं बसणार तेही लिहिलं, कारण आमच्या गोलकीपरला सपाट रस्त्यावरसुद्धा उलटी व्हायची, त्याला खिडकी लागणार होती. पोरं वही बघून खो खो हसली. मी म्हणालो, हसा लेको, पण वेळेवर पोचलात तर माझ्यामुळंच पोचाल. हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

आमच्या कॉलेजात फुटबॉलची टीम आहे हे निम्म्या कॉलेजला माहीत नव्हतं. मैदान मुरमाचं. पडलं की गुडघा सोलून निघायचा, आणि पाच वाजले की क्रिकेटवाले येऊन आम्हाला हाकलायचे. टीम म्हणजे कबड्डीत न निवडलेली पोरं, दोन पळणारे, एक उगाच आलेला, आणि मी. मी उजव्या बाजूला बॅक खेळायचो, म्हणजे बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या मागं धावायचो. मला खेळ येत नव्हता, व्यवस्था येत होती.

खेळ येत होता तो एकालाच. त्याला सगळे डावऱ्या म्हणायचे, कारण तो डाव्या पायानं मारायचा. अंबडजवळच्या एका खेड्यातून रोज एसटीनं येणारा, अंगानं काटकुळा, बोलायला कमी. पण बॉल पायात आला की समोरचा माणूस दोनदा वळायचा आणि तिसऱ्यांदा बसायचा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची पहिली मॅच आमच्याच मैदानावर झाली, ती आम्ही चक्क जिंकलो. दोन्ही गोल त्याचे. पुढची मॅच धाराशिवला, गुरुवारी अकरा वाजता. पीटीच्या सरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की त्या दिवशी विद्यापीठाच्या टीमसाठी निवड करणारे तिघं तिथं बसणार आहेत, फक्त त्याच दिवशी.

डावऱ्याच्या घरी हिशेब सरळ होता. मेहुण्यानं जालन्याच्या लोखंडाच्या मिलमध्ये त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती, एक तारखेपासून जायचं. डावऱ्यानं हातापाया पडून वडिलांकडून एक कबुली घेतली होती. ती त्यानंच मला सांगितली, मैदानाच्या कडेला बुटाची नाडी बांधता बांधता.

"बापू म्हणले, विद्यापीठाचा शर्ट घालून आला तर शीक. न्हाई तर मंग मिलमधी जा, बिलकुल कुरकुर करायची न्हाई."

"तू निवडला जाशील रे," मी म्हणालो.

"तिथवर जाऊ तर दे," तो हसून म्हणाला.

नेमकं मॅचच्याच दिवशी सरांना परीक्षेच्या कामावर लावलं. त्यांनी मला बोलावून एक फाइल हातात दिली. अकराजणांचे फोटो लावलेला पात्रतेचा फॉर्म, प्रत्येक फोटोवर प्राचार्यांची अर्धी सही, खाली गोल शिक्का, आणि सगळ्यांची ओळखपत्रं. "मूळ प्रती आहेत," सर म्हणाले. "झेरॉक्स चालत नाही. हे नसलं तर मैदानात पाऊल टाकू देणार नाहीत. उशाशी घेऊन झोप." मी फाइल बॅगेत ठेवली आणि वहीत त्यापुढं बरोबरची खूण केली.

बुधवारी संध्याकाळी आई दशम्या करत होती. अकरा पोरांच्या म्हणून तिनं दुपारपासून पीठ मळलं होतं, लसणाची चटणी कुटून डब्यात भरली होती. मी मोसंबीचं पोतं बांधत होतो. तव्यावरची दशमी उलटता उलटता तिनं विचारलं, "उद्या वार कोणता रे?"

"गुरुवार."

"अन् जायचं कुणीकडं? खाली. गुरुवारी दक्षिणेला न्हाई जात बाबा."

माझं डोकंच फिरलं. आधीच अंगात मॅनेजर संचारला होता. मी म्हणालो, "मंग काय पंचांना फोन करू? म्हणू, आमच्या आईला दिशाशूळ आहे, मॅच शुक्रवारी ठेवा?"

"तसं कुठं म्हणलं मी? आज बुधवार हे, आज परस्थान ठेवू. तुझा टावेल दे. काकूच्या घरी ठेवून येते. सकाळी जाता जाता घ्यायचा अन् निघायचं. झालं."

प्रस्थान ठेवणं आमच्याकडं जुनं आहे. जायच्या दिवशी वार वाईट असेल तर आदल्या चांगल्या दिवशी आपली एखादी वापरातली वस्तू जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस कालच निघाला, आज नुसता पुढं चालला, असं धरतात. काकूंचं घर आमच्या गल्लीच्या दक्षिण टोकाला, चार घरं सोडून. काका एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. घरात दोघंच.

टॉवेल द्यायला मला काय जड होतं? पण मला तिची जिरवायची होती. मी म्हणालो, "टावेलच कशाला? ही घे, अख्खी बॅगच ठेव. माझंच परस्थान कशाला, सगळ्या टीमचं होऊन जाऊ दे."

"अरे, टावेल बास हे," ती म्हणाली.

तोवर मी बॅग उचलून निघालोसुद्धा. काकूंच्या घरात ओट्याजवळच्या पेटीवर बॅग आपटली, "परस्थान हे, उद्या पाचला नेतो," म्हणालो आणि तणतणत परत आलो. फाइल बॅगेत आहे हे मी विसरलो होतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. पण नाही. मला माहीत होतं. चार घरं तर आहेत, सकाळी उचलू, एवढंच वाटलं होतं.

पहाटे पाचला जीप गल्लीच्या तोंडाशी आली. पोरं जमली होती. डावऱ्या आदल्या रात्रीच होस्टेलवर येऊन झोपला होता, त्यानं केस ओले करून भांग पाडला होता. एखाद्याला पोरगी बघायला न्यावं तसा तो तयार होऊन आला होता. मी ऐटीत काकूंच्या दाराशी गेलो आणि बघतो तर दाराला कुलूप.

समोरची बाई अंगण झाडत होती. ती म्हणाली, "तीनलाच गेले दोघं. जालन्याहून जावयाचा फोन आल्ता, पोरीला बाळंतपणाला दवाखान्यात नेलं म्हणून. जल्दी जल्दी निघाले, चप्पल बी उलटी घातली काकूनं."

काकांचा नंबर लावला तर फोन आतच वाजायला लागला. कुलपाच्या आत, बहुतेक माझ्याच बॅगेशेजारी, तो शांतपणे पूर्ण वाजून थांबला. मी पुन्हा लावला. पुन्हा तसाच वाजला. जावयाचा नंबर गल्लीत कुणाकडंच नव्हता.

पोरांनी मला घेरलं. कुणी दगड आणला, कुणी जीपमधला जॅकचा दांडा. एवढंसं कुलूप होतं, दोन घावांत तुटलं असतं. तेवढ्यात आई दशम्यांचा डबा घेऊन आली. तिनं डबा खाली ठेवला आणि दारात पायरीवर जाऊन उभी राहिली.

"तिकडं पोरगी बाळंत होऊन राह्यली अन् तुम्ही इकडं घराचं कुलूप फोडता? मी न्हाई फोडू देणार."

पहिला दगड खाली टाकला तो डावऱ्यानं. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "याच्या आईचं बराबर हे." आपलं सगळं ज्या दारामागं अडकलंय त्या दारापासून तो सगळ्यांत आधी मागं सरला. मला त्याच्याकडं बघवेना.

मग कुणीतरी विचारलं, "पण बॅग इथं ठेवलीच कशाला?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "आईनं ठेवली. परस्थान म्हणून."

आई पायरीवरच होती. तिनं ऐकलं. माझ्याकडं एकदा बघितलं आणि पदर खोचून तशीच उभी राहिली. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, अशी ती नजर होती. माझी मान मोकळी झाली आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

साडेसहापर्यंत वाट बघितली. सरांना फोन केला, ते म्हणाले फॉर्मचा फोटो असेल तर घेऊन निघा, मी तिकडं बोलून बघतो. फोटो होता एक. मी घाईत काढलेला, वाकडा, आणि शिक्क्यावर माझाच अंगठा आलेला. निघालो. लाल ठिकाणंही नाहीत, निळीही नाहीत, ड्रायव्हर जीप दामटत राहिला. शहागडच्या पुलावरून जाताना कुणी नदीकडं बघितलंसुद्धा नाही. गेवराईच्या पुढं गोलकीपरनं खिडकीतून उलटी केली. माझ्या वहीतली तेवढी एक गोष्ट बरोबर ठरली.

अकराला पाच कमी असताना मैदानात उतरलो. टेबलाशी बसलेले गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी माझा मोबाइल घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, चष्मा वर सरकवून पुन्हा बघितला.

"शिक्का कुठंय?"

"अंगठ्याखाली आहे, सर."

"आणि ओळखपत्रं?"

ती बॅगेतच, कुलपाआड. "मूळ कागद असते तर पाच मिनिटांत सोडलं असतं बाळा," ते म्हणाले. सरांनी फोनवर विनवण्या केल्या, त्यांनी त्याही शेवटपर्यंत ऐकून घेतल्या. मग कागदावर समोरच्या टीमला पुढं चाल दिली. आम्ही न खेळता हरलो.

समोरच्या टीमचा कॅप्टन भला पोरगा होता. एवढ्या लांबून आलात तर अर्धा तास असंच खेळू म्हणाला. डावऱ्या आधी निवड करणाऱ्या त्या तिघांकडं गेला. ते प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. मी मागंच होतो, मला ऐकू आलं. "सर, आम्ही खेळून राह्यलो. बघता का जरा?" त्यांतले एकजण म्हणाले, "अधिकृत नाही ना रे ते. आम्हाला धरता येत नाही." आणि तिघंही उठून मंडपाकडं पोहे खायला गेले.

त्या दिवशी डावऱ्या जसा खेळला तसा मी पुन्हा कुणाला खेळताना बघितलं नाही. खाली गवत होतं, मुरूम नव्हता, आणि त्याला पहिल्यांदाच पडायची भीती नव्हती. समोरच्या टीमच्या तीन पोरांना चुकवून त्यानं कोपऱ्यातून बॉल असा वळवला की त्यांच्या गोलकीपरनं स्वतःच टाळ्या वाजवल्या. मी आपली जागा सोडून मंडपाकडं बघत उभा होतो. तिघांच्या पाठी आमच्याकडं होत्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर त्यानं तीन गोल केले.

परतीला निघालो. बीडच्या पुढं डावऱ्यानं पोतं उघडलं, मोसंबी सोलून एकेकाला फोडी दिल्या. मला देताना हळूच म्हणाला, "घरी गेल्यावर आईवर चिडू नको." मी फोड तोंडात टाकली आणि मान हलवली.

घरी आलो तेव्हा बॅग आमच्या ओसरीवर होती. दुपारी काका परत आले होते, नातू झाला होता. आईनं माझ्या हातावर पेढा ठेवला. बॅग उघडली तर टॉवेल अगदी वरच होता, घडी केलेला. त्याच्याखाली फाइल.

एक तारखेला डावऱ्या मिलमध्ये गेला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. अंबडच्या कोर्टाजवळ माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लोक मूळ कागद माझ्याकडं देतात आणि मी ते जपून परत करतो. मागच्या महिन्यात तो प्रतिज्ञापत्र करायला आला. अंगानं भरलाय, हातावर भाजल्याचे दोन-तीन डाग. फुटबॉलच्या बुटांचं काय केलंस विचारलं तर म्हणाला, देऊन टाकले कुणालातरी. कागद घेऊन उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

"तुझ्या आई बऱ्या हेत ना? त्यांना सांग, माझा राग न्हाई. त्या टायमाला आल्ता थोडा. आता न्हाई."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बोलायला एक वाक्य पुरे होतं. मी म्हणालो, "सांगतो."

संध्याकाळी आईला सांगितलं. ती वाळलेले कपडे काढून घड्या घालत होती.

"मंग तू काय म्हणलास?"

"काही नाही." आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी म्हणालो, "आई, तू फक्त टावेल मागितला होतास."

तिनं हातातली घडी पुरी केली.

"मला माहीत हे की," ती म्हणाली. "माहीत त्याला व्हायला पाह्यजे होतं."