सहा सिलिंडरचा नवरदेव

माझ्या लग्नमांडवात मी पाठमोरा पोचलो.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. आम्ही धामणगाव बढ्याचे बागायतदार. वांगी, मिरच्या, कांदे पिकवायचे आणि आमच्या छोट्या मालमोटारीतून बुलढाण्याच्या बाजारात न्यायचे. मोटार म्हणजे पुढं दोघांपुरती बैठक आणि मागं फळ्यांची उघडी पेटी. सपाटीवर ती मोठी गुणी होती. पण राजूर घाट लागला की तिसऱ्या वळणावर हुंदके देऊन थांबायची. मग आम्ही उतरून ढकलायचो. (बाजारातले लोक वांग्यांचा भाव विचारायच्या आधी आम्हाला पाणी विचारायचे!)

अशात माझं लग्न ठरलं. मुलगी बुलढाण्याची, म्हणजे नेमकी घाटाच्या वर!

बाबा म्हणाले, "बैलगाड्यायनं जाऊ."

"घरी मोटार असून नवरदेव बैलगाडीत?"

"मोटार घाटात उतरवते ना लेका! बाशिंग बांधून ढकलशीन काय?"

मी मॅट्रिकला दोनदा बसलेला माणूस. शिवाय मोटारीवरचं एक पुस्तक चित्रांसकट वाचलेलं. मी जाहीर केलं, "बाबा, ताकद कमी पडून राह्यली. इंजिनच बदला लागते!"

मलकापूरच्या करीम मिस्त्रींकडे मिलिटरीच्या मोडीतली दोन इंजिनं होती. एक चार सिलिंडरचं, आटोपशीर, आमच्या गाडीत अलगद बसणारं. दुसरं सहा सिलिंडरचं, नुसतं पाहूनच छाती दडपावी असं.

"भाऊ, चारवाला लो," मिस्त्री म्हणाले. "और पहले मुझे देखने दो, गाडी चढती क्यूं नही."

"त्यात काय पाहाचं? चारापेक्षा सहा जास्त!" (मॅट्रिकचं गणित असं कामी आलं.)

सहाचं इंजिन बॉनेटखाली मावेना. मिस्त्रींनी गाडीचं नाक हातभर पुढं काढलं. तरी मावेना. मग मधला पत्रा कापला. इंजिनाचं बूड चालकाच्या गुडघ्यांना लागलं, तशी बैठक तिच्याखालच्या पेट्रोलच्या टाकीसकट मागं पेटीत सरकवली. आमचं वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तसंच हे इंजिन आमच्या मोटारीला जोडलं गेलं. कागदावर सगळं ठीक, फक्त दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं!

पण आवाज काय होता! पहिल्यांदा चालू केलं तेव्हा शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं.

बाबा ओसरीवरून ओरडले, "गाडी चालू करून राह्यला का गाव पाडून राह्यला बे?"

मी खूश. ताकद म्हणतात ती हीच!

मुहूर्त गोरजाचा होता. भर दुपारी वऱ्हाड निघालं. पेटीत गाद्या घालून त्यावर बाबा, आत्या, मामा, दोन मावश्या आणि सनईवाला. पुढं चाकावर खुद्द करीम मिस्त्री आणि शेजारी बाशिंग बांधून मी. मोताळ्यापर्यंत गाडी अशी उधळली की मामांचा फेटा वाटेतल्या बाभळीनं ठेवून घेतला.

मग घाट लागला. पहिलाच चढ. इंजिन खोकललं, थरथरलं आणि फुस्स!

"जुनं इंजिन तिसऱ्या वळणापावतर तरी येत होतं," आत्या म्हणाली. "यानं तं पह्यलंबी नाही पाह्यलं!"

मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "भाऊ, इंजिन तो पहलवान है, लेकिन भूखा है!"

भानगड अशी होती. आमच्या मोटारीत पेट्रोल आपसूक उतारानं टाकीतून इंजिनाकडे वाहायचं. घाटात गाडीचं तोंड वर झालं की इंजिन वर आणि टाकी खाली. पेट्रोल बिचारं डोंगर कसं चढणार? म्हणजे ताकद मुळात कमी नव्हतीच! आणि मी तर हौसेनं इंजिन पुढं नि टाकी मागं नेऊन ठेवली होती.

"आता काय करायचं?" मी रडकुंडीला आलो. सूर्य कलत होता.

"उल्टी चढाते है," मिस्त्री म्हणाले. "टाकी उप्पर, इंजिन नीचे."

आणि आमचं वऱ्हाड राजूर घाट उलटं चढू लागलं! गाद्यांवरच्या मंडळींमुळं मिस्त्रींना मागचा रस्ता दिसेना. म्हणून मी शेवटच्या फळीशी उभा राहून रस्ता पाहायचा आणि मागं वळून ओरडायचं: "डावीकडे! उजवीकडे! थांबा, म्हैस हाय!" बाशिंग काढून आत्याकडे दिलं होतं, कारण धुराची नळी नेमकी माझ्या पायाखाली. सहाच्या सहा सिलिंडरांचा धूर माझ्या तोंडावर! सनईवाला मात्र इमानदार. खोकत खोकत वाजवत राहिला.

बुलढाण्यात शिरलो तर गियर अडकला. आता सरळ जाणं बंद! मांडवाच्या दारी बायका आरत्या घेऊन उभ्या, आणि समोरून येतंय मोटारीचं ढुंगण. त्यांच्याकडे पाठ करून मी बोंबलतोय, "मिस्त्री, थांबा! थांबा हो!"

इंजिनाची ताकद तिथं एकदाची दिसली. मांडवाची पुढची मेढ तोरणासकट आत्याच्या मांडीवर येऊन पडली, तेव्हा गाडी थांबली.

सासरे धावत आले. आमच्या काळ्याठिक्कर चेहऱ्यांकडे पाहत म्हणाले, "नवरदेव कोन्ता हाय?"

"मी," मी रुमालानं नाक पुसत म्हणालो.

"बरं झालं बोलले जवाईबापू! मी तं तुमाले डायवर समजून चहा पाठवून राह्यलो होतो."

मुहूर्त मात्र गाठला. काजळीसकट माझं लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी गियर सुटला आणि नवरी घेऊन आम्ही घाट उतरू लागलो. उतारावर इंजिनाचं पोट भरलेलं, गाडी झकास चालली होती. गोदावरी, म्हणजे माझी कालची नवरी, बराच वेळ बैठकीखाली पाहत होती. मग हळूच म्हणाली, "अजी, आमच्या मळ्यातल्या इंजिनाची टाकी वर असते. तुमची खाली काऊन हाय?"

"मोटारीचं शास्त्र येगळं असते," मी गंभीरपणे म्हणालो.

मिस्त्रींनी करकचून ब्रेक दाबला. "भाभी, ये बात आपने शादी के पहले क्यूं नही बताई?"

त्याच आठवड्यात टाकी इंजिनाच्या वर बसवली, जुनं इंजिन परत जागेवर आलं आणि भरल्या वांग्यांनिशी गाडीनं घाट एका दमात चढून दाखवला.

तेव्हापासून गावात कोणाची मोटार खोकलली की लोक सल्ल्याला आमच्याच दारी येतात. मी ओसरीवर ऐटीत बसलेला असतो. ते मला अदबीनं रामराम घालतात आणि विचारतात, "वहिनी हायेत काय घरात?"