व्हिसा लागत नाही म्हणे!

माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, कुणाचं ऐकून घेणाऱ्यातले नाहीत. सुरतेच्या बमरोलीत कापडाचे चार लूम काय टाकले, माणूस स्वतःला जगाचा शहाणा समजायला लागला. त्यांची लेक लग्न करून हंगेरीत गेली, तिथंच तिला मुलगी झाली. आईबापाने व्हिसा मागितला, तो मिळाला नाही. मग कुणी तरी सांगितलं, शेजारच्या सर्बियात आपल्या लोकांना व्हिसाच लागत नाही, तुम्ही तिथं जा, लेक बाळाला घेऊन येईल. जाऊबाईंचा सगळा जीव त्या नातीत. त्यांनी लगेच झबली-टोपरी शिवायला घेतली.

जेठ मात्र परदेशचे जाणकार झाले. डिंडोलीत आमच्या सोसायटीच्या ओट्यावर बसून येईल त्याला सल्ले. व्हिसा नसला तरी परतीचं तिकीट हवं, हॉटेलचं बुकिंग छापून न्यायचं, विमा काढायचा, खर्चापुरते युरो जवळ ठेवायचे, साहेबाने विचारलं तर फिरायला आलो एवढंच म्हणायचं. स्वतः आजवर विमानाची पायरी चढले नव्हते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आता आमच्याकडची रीत ऐका. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, त्यात नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव कुणी घेत नाही. जाऊबाईंचा पासपोर्ट मात्र शाळेच्या दाखल्यावरून निघालेला, त्यावर नाव माहेरचंच. तिकीट काढलं तेव्हा त्यांनी माझ्यादेखत विचारलं, नाव कोणतं घातलं म्हणून. जेठ म्हणाले, "तुझंच घातलंय. व्हिसा लागत नाही तिथं नाव कोण बघतो?" पासपोर्ट उघडून बघायचीही तसदी घेतली नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

मुंबईच्या विमानतळावर त्यांना पोचवायला आम्ही घरची सगळी गेलो होतो. हार झाले, नारळ झाला, फोटो झाले. दोघं आत गेली, आणि थोड्या वेळाने जाऊबाई एकट्याच बाहेर आल्या. तिकिटावर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरी, म्हणून त्यांना अडवलं होतं. जेठ थांबले का? छे! एकाचं तरी तिकीट वाया जायला नको म्हणून झबल्यांची पिशवी बायकोच्या हातातून घेतली आणि गेले. जाऊबाईंना घेऊन आम्ही सुरतेला परत निघालो. मला मेलीला सगळी वाट नुसता संताप येत होता.

तिकडून फोटो आले. नदीकाठचा किल्ला, मांडीवर नात, तोंडभर हसू. आई का आली नाही असं लेकीने विचारलं, तर या गृहस्थाने सांगितलं, ऐनवेळी घाबरली. परत आल्यावर ओट्यावरही तेच, बायकांना परदेश झेपत नाही म्हणे. जाऊबाईंना मात्र पुढच्या वर्षी नक्की नेतो असा शब्द दिला. पुढचं वर्ष उजाडायच्या आत नियम बदलला. आता सर्बियालाही व्हिसा लागतो.

नात आता चुरुचुरु बोलते. परवा फोनवर तिने विचारलं, आजी, तू आमच्याकडे का येत नाहीस? जेठ शेजारीच चहा पीत बसले होते. जाऊबाईंनी फोन त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "हे आजोबांना विचार, बेटा. तुला मांडीवर घेतलंय त्यांनी."