कॅप्टनसाहेबांनी ओढलेली चरी

सोलापूरच्या गोल्फ क्लबाच्या कॅप्टनने कपाच्या फायनलमध्ये मला फसवलं. दिवसाढवळ्या, पन्नासेक माणसांसमोर फसवलं. कॅप्टन म्हणजे लष्करातला नव्हे. क्लबाचा खेळ बघणारा प्रमुख. हे एका मिलमध्ये मोठे साहेब होते. मी वळसंगचा, मुरूम-मातीचा कंत्राटदार.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. माणसांनाच प्यायला पाणी पुरत नव्हतं, तिथं गवताला कोण घालणार? गोल्फमध्ये चेंडू शेवटी ज्या भोकात घालायचा, त्याच्याभोवती मऊ हिरवळ लागते. आमच्या माळावर तिच्या जागी ‘ब्राऊन’ असत. म्हणजे बारीक रेती चाळायची, तिच्यात मोटारीचं जळकं तेल कालवायचं आणि रोलर फिरवून ती बसवायची. टूर्नामेंटआधी सगळे ब्राऊन नव्याने करायचे होते आणि क्लबाची तिजोरी रिकामी होती.

सेक्रेटरी म्हणाले, “उधारीवर करा.”

“उधारी न्हाय. मला मेंबर करा.”

“अहो, मेंबरशिप विकायची नसते!”

“मग ब्राऊनबी विकायचे नसतात. खेळा की मुरमावर.”

तीन वेळा मी उठून दारापर्यंत गेलो. चौथ्यांदा त्यांनीच खुर्ची पुढे केली. मी मेंबर झालो. खेळ शिकलो, आणि असा शिकलो की दोन वर्षांत कपाच्या फायनलला कॅप्टनसाहेबांसमोर उभा राहिलो!

काय सामना झाला तो! ज्याचे टोले कमी, ते भोक त्याचं. ते दोन भोकांनी पुढे, मी बरोबरी केली. मी एकने पुढे, त्यांनी बरोबरी केली. मिलचे लोक त्यांच्या बाजूने, माझे मुकादम आणि रोलरवाले माझ्या बाजूने ओरडत होते. सेक्रेटरी सारखे “सायलेन्स प्लीज” म्हणत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. शेवटच्या भोकापाशी आलो तेव्हाही बरोबरीच होती.

मी पाच टोल्यांत चेंडू घातला. कॅप्टनसाहेबांचे तीन झाले होते. चौथ्यात गेला तर कप त्यांचा. चुकला तर आणखी एक भोक खेळायचं. त्यांचे पाय भरून आले होते, माझे नव्हते. चेंडू भोकाच्या वरच्या अंगाला चार पावलांवर होता आणि तिथं डावीकडे ढाळ होता. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून मीच तो ठेवला होता. सरळ मारलेला चेंडू डावीकडे जाणारच.

ब्राऊनवर पावलं उमटतात. म्हणून टोल्याआधी चेंडूपासून भोकापर्यंत एकदा फळी ओढायची मुभा असे. पेरणीनंतर शेतात मारतात तशीच, पण हातभर. माझा कॅडी, म्हणजे माझी काठ्यांची पिशवी उचलणारा शिवाप्पा, फळी घेऊन पुढे झाला.

“राहू दे, मी ओढतो,” कॅप्टनसाहेब म्हणाले.

त्यांनी दांडा तिरका धरला, फळीचा एक कोपरा रेतीत दाबला आणि भोकापर्यंत ओढत नेला. मी ओरडेपर्यंत त्यांनी टोला मारला. चेंडू ढाळाला दाद न देता सरळ भोकात! मिलवाल्यांनी टोप्या उडवल्या.

“चरी पाडली!” मी ओरडलो. “ह्यांनी चरी पाडली!”

“आवाज खाली. चेंडू गेल्यावर रेघ उमटतेच,” कॅप्टनसाहेब हसून म्हणाले.

“व्हय? शिवाप्पा, आण रे ती पाण्याची घागर!”

तेलाच्या रेतीत पाणी मुरत नाही, वरून पळतं. शिवाप्पाने त्यांच्या चेंडूच्या जागी हळूच पाणी ओतलं. धार सरळ गेली आणि भोकात पडली. मग मी माझ्या चेंडूच्या वाटेवर, चरीच्या शेजारीच त्याच ढाळावर, ओतायला लावलं. ती धार दोन हात गेली, डावीकडे वळली आणि ब्राऊनबाहेर निघून गेली.

“बगा की!” शिवाप्पा म्हणाला. “सायबाचं पानी लई शिकल्यालं हाय. वाट चुकंना!”

मिलचे लोकसुद्धा हसले. कॅप्टनसाहेबांचे कान लाल झाले.

“रूल दाखवा,” ते सेक्रेटरींना म्हणाले.

सेक्रेटरींनी विलायती रूलबुक चाळलं. तिकडे हिरवळ. तेल, रेती, फळी, कशाचाच उल्लेख नव्हता.

“नियम नाही, म्हणजे नियमभंग नाही,” सेक्रेटरी म्हणाले. कप कॅप्टनसाहेबांना दिला. मी घागर आपटली आणि निघून आलो.

पुढल्या वर्षी टूर्नामेंट सुरू होताना त्याच सेक्रेटरींनी नवा नियम जाहीर केला: खेळाडूने स्वतः फळी ओढायची नाही, समोरच्याच्या कॅडीने ओढायची. क्लबातल्या विजेत्यांच्या फळ्यावर मात्र कॅप्टनसाहेबांचं नाव सोनेरी अक्षरांत लागलं, आणि क्लबाच्या इतिहासात ती फायनल ‘अविस्मरणीय’ म्हणून लिहिली जाते.

धंद्यात मी एवढं शिकलो: आत कसं शिरायचं याची घासाघीस करताना, आत गेल्यावर फळी कुणाच्या हातात राहील तेही ठरवून घ्यावं.

पण माझा प्रश्न उरतोच. त्या दिवशी काही चुकलं नव्हतं, तर नियम का बदलला? आणि चुकलं होतं, तर ते नाव फळ्यावर का? आजच्या कमिटीने याचं उत्तर द्यावं. बंद खोलीत नको. त्याच ब्राऊनवर उभं राहून, सगळ्या मेंबरांसमोर द्यावं.